मुळांची हद्द

वाचनालयाच्या शतकपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गावाच्या इतिहासाला धरून काहीतरी लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा मनात प्रथम आली ती अर्थातच देवी लईराई. शिरगावचा इतिहास म्हटला की वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा, व्रतस्थ धोंड, मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा आणि अग्निदिव्य यांवाचून तो पुरा होत नाही. परंतु त्या विषयावर माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी गावात आहेत. दुसरा विषय खाणींचा. त्यावरही आजवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि न्यायालयांतून पुष्कळ बोलून झाले आहे. म्हणून मी या दोहोंच्या मधला, दिसायला लहान असा विषय निवडला आहे. गावातील जुनी, वाढलेली झाडे आणि त्यांच्या शेजारच्या जमिनीत होणारी बांधकामे, यांचा संबंध पूर्वी कसा होता व आज कसा आहे, याचा हा धांडोळा आहे.

हा इतिहासाचा विषय होतो काय, अशी शंका कोणी घेईल. माझ्या मते होतो. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोमंतकातील हिंदूंना थोडी मोकळीक मिळाली. त्या काळात ठिकठिकाणी मराठी शाळा व वाचनालये उभी राहिली, आणि आपले वाचनालय त्याच पिढीतले. त्यानंतर हुकूमशाहीचा काळ आला, १९६१ साली मुक्ती झाली, १९८७ साली घटक राज्य झाले. या साऱ्या स्थित्यंतरांत माणसे बदलली, घरांची कौले जाऊन स्लॅब आले, भाटांचे भूखंड झाले. वाचनालयापेक्षा वयाने मोठे असे गावात आता फारसे काही उरलेले नाही. जे उरले आहे त्यात देवळे आहेत, तळी आहेत आणि काही झाडे आहेत. देवळांचा जीर्णोद्धार होतो, तळी उपसता येते. झाडाच्या बाबतीत जीर्णोद्धार संभवत नाही. ते एकदा गेले की शंभर वर्षे थांबावे लागते.

या विषयाकडे मी वळलो तो एका घरगुती प्रसंगामुळे. आमच्या वडिलोपार्जित घराच्या मागील हद्दीला मानकुराद आंब्याचे एक जुने झाड होते. वडिलांनी लहानपणापासून ते तसेच पाहिले होते, म्हणजे त्यांच्याही आधीच्या पिढीने ते लावलेले असावे. त्याच्या बुंध्याचा घेर दहा फूट भरत असे. काही वर्षांपूर्वी लगतची जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने तेथे इमारतीचे काम काढले. पावसाळ्यापूर्वी पाया पुरा व्हावा म्हणून हद्दीला समांतर असा लांबलचक चर यंत्राने खणला गेला. तो आमच्या झाडापासून बारा फुटांवर होता आणि सर्वस्वी त्यांच्या जमिनीत होता. चरातून मनगटाएवढी, काही मांडीएवढी मुळे तुटून वर आली. ती पाहून मी काम करणाऱ्यांपाशी गेलो, तर मुकादम नम्रपणे म्हणाला, "सर, तुमच्या झाडाची एक फांदीसुद्धा आम्ही मोडलेली नाही." त्याचे म्हणणे खरे होते. मलाही त्या वेळी पुढे काय बोलावे ते सुचले नाही.

त्या वर्षी आंबा नेहमीप्रमाणे मोहरला. दुसऱ्या वर्षी तर त्याला इतका मोहर आला की घरात सर्वांनी आनंद मानला. संकटात सापडलेले झाड कधी कधी असे भरभरून फुलते, हे मला पुढे कळले. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडील फांद्या वाळू लागल्या. चौथ्या वर्षी निम्मे झाड निष्पर्ण झाले आणि पाचव्या पावसाळ्यात एक मोठी फांदी छपरावर येते की काय अशी भीती निर्माण झाली, तेव्हा रीतसर परवानगी काढून आम्हीच ते तोडले. मेलेले झाड तोडण्याची परवानगी मिळायला अडचण आली नाही. कागदोपत्री पाहिले तर ते झाड आम्ही तोडले. शेजाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी मराठीचा अध्यापक आहे, वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण या प्रसंगानंतर महाविद्यालयातील जाणकार सहकाऱ्यांना विचारून आणि मिळेल ते वाचून मी थोडी माहिती जमवली. झाडाची मुळे खोल पाताळात जातात, फांद्यांच्या घेराएवढीच पसरतात, अशी आपली समजूत असते. ती बरीचशी चुकीची आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोनतीन फुटांच्या थरात असतात आणि ती आडवी, फांद्यांच्या सावलीच्या बरीच पलीकडे पसरलेली असतात. आपल्याकडे जांभ्या दगडावर मातीचा थर जेथे पातळ आहे, तेथे तर त्यांना खाली जाण्यास वावच नसतो. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. म्हणून मूळ प्रत्यक्ष तोडले नाही, तरी त्यावर दोनतीन फूट भराव टाकला, अवजड वाहने फिरवून माती दाबली, किंवा वर काँक्रीट ओतले, तर ते हळूहळू गुदमरते. झाड मात्र साठवलेल्या अन्नावर आणखी काही वर्षे उभे राहते. कारण आणि परिणाम यांत असे तीन, पाच, कधी त्याहूनही अधिक वर्षांचे अंतर पडत असल्यामुळे दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

ब्रिटनमध्ये बांधकामालगतच्या झाडांसाठी एक मानक ठरविलेले आहे. त्याची २०१२ ची आवृत्ती आज वापरली जाते. त्यात दिलेला आडाखा असा की, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजावा, त्याची बारा पट करावी, आणि तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात खणू नये, भराव घालू नये, सामान रचू नये. फार मोठ्या झाडांसाठी ही त्रिज्या पंधरा मीटरवर थांबवतात. आमच्या आंब्याचा घेर दहा फूट, म्हणजे व्यास सवातीन फुटांच्या आत-बाहेर, म्हणजे वर्तुळाची त्रिज्या अडतीस फूट. चर होता बारा फुटांवर. त्या चराने वर्तुळाचा जो भाग कापला गेला तो एकूण क्षेत्राच्या सुमारे तीस टक्के भरतो. हे गणित त्या दिवशी मला ठाऊक असते, तर निदान मुकादमाला उत्तर देता आले असते.

आपल्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते, पण त्यांच्या वहिवाटीत त्याचे भान होते असे मला दिसते. याचे सर्वांत जुने उदाहरण देवराईचे. गोमंतकात देवाची राय, देवरान अशी तिची नावे आहेत. सत्तरीतील निरंकाराची राय किंवा केरी गावची आजोबाची तळी आजही पाहता येते. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि विद्वानांचे लक्ष या परंपरेकडे वेधले. देवराईचा नियम केवढा कडक असे, ते सर्वांस ठाऊक आहे. कोयता चालवायचा नाही, ही त्यातली सर्वपरिचित गोष्ट. अनेक ठिकाणी पडलेले लाकूड आणि पाचोळाही उचलायचा नसतो, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. पाचोळा उचलायचा नाही म्हणजे माती उघडी पडायची नाही. खणायचे नाही, पेरायचे नाही, बैलगाडी न्यायची नाही. देवाच्या नावाने खोडांबरोबर जमीनही राखली जाई, आणि म्हणून ती झाडे शतके टिकली.

गावातल्या एकट्या वडापिंपळाला देवराईचे संरक्षण नसे. तेथे राखणदार असे. अमुक वडावर देवचाराची वस्ती आहे, तेथे अमावास्येला रोट ठेवावा लागतो, त्याच्या वाटेत घर बांधू नये, अशा समजुती आपल्या डिचोली आणि पेडणे तालुक्यांत अजूनही ऐकू येतात. शिकलेल्या मंडळींनी त्यांना हसावे हे साहजिक आहे. मीही तरुणपणी हसलो आहे. पण राखणदाराच्या वाटेत घर बांधायचे नाही, याचा व्यवहारातला अर्थ झाडाभोवती काही अंतर मोकळे सोडायचे, असाच होत होता. वाट सोडली गेली, त्यामुळे मुळे वाचली.

राजसत्तेनेही झाडांचा विचार केला होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली आपल्या तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या राज्यनीतीचे सार रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात ग्रथित केले. मराठीच्या वर्गात मी ते अनेक वर्षे शिकवले आहे. त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. आरमाराला लाकूड हवे हे मान्य करूनही आंबा, फणस यांसारख्या झाडांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण असे दिले आहे की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या लेकरासारखी दीर्घकाळ जतन केलेली असतात, आणि ती तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे, अशी आज्ञा आहे. हा उतारा शिकवताना मी विद्यार्थ्यांना राजाच्या दयाळूपणाविषयी सांगत असे. आता त्यातला काळाचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. झाडाची किंमत लाकडावर ठरवायची नाही, त्याला वाढायला लागलेल्या वर्षांवर ठरवायची, हे सूत्र त्यात आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आपला प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. डिचोली १७८१ मध्ये, आणि पेडणे त्यानंतर काही वर्षांनी, १७८८ मध्ये. नव्या काबिजादींत जुन्या रीतिभाती बऱ्याच अंशी चालू राहिल्या. पुढे पोर्तुगालची १८६७ सालची दिवाणी संहिता १८७० पासून गोमंतकात लागू झाली. तिच्यातील कौटुंबिक आणि वारसाविषयक भाग आपल्या परिचयाचा आहे. पण तिच्यात शेजाऱ्यांच्या झाडांविषयीही नियम होते, हे फारसे कोणास ठाऊक नसते. हद्दीपासून कितीही अंतरावर झाड लावण्याची मुभा तिने दिली. त्याबरोबर शेजाऱ्याला असा हक्क दिला की, त्याच्या जमिनीत शिरलेली मुळे आणि वर झुकलेल्या फांद्या त्याने काढाव्यात, मात्र आधी झाडाच्या मालकाला सांगावे, त्याने तीन दिवसांत काही केले नाही तरच हात घालावा, आणि हद्दीच्या उभ्या रेषेपलीकडे जाऊ नये. दुसरा नियम अधिक प्रेमळ आहे. आपल्या झाडाची फळे आपल्या बाजूने काढता येत नसतील, तर शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊन ती काढू देण्याची मागणी मालक करू शकतो. मात्र नुकसान झाल्यास त्याने ते भरून द्यावे.

या संहितेचे बळ आणि तिची उणीव एकाच ठिकाणी आहेत. तिने शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलायला लावले. तीन दिवसांची मुदत म्हणजे बोलण्याची मुदत. परंतु झाडाकडे तिने दोन मालकांमधली वस्तू म्हणून पाहिले. हद्दीची उभी रेषा मोजणीदाराच्या नकाशावर असते. मुळाला ती दिसत नाही. त्या रेषेवर कापलेले मूळ मालकाच्या बाजूच्या झाडाचेच असते, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत मावली नाही.

त्या काळी ती मावण्याची निकडही नव्हती. कोकणात आणि गोमंतकात हद्द म्हणजे गडगा किंवा वय. गडगा म्हणजे चिऱ्याचे वा धोंड्यांचे सुके रचलेले बांधकाम. त्याला खोल पाया नसतो, चुना-सिमेंट नसते. त्याच्या खालून मुळे जातात, पाणी जाते. एखादे मूळ जाड झाले तर गडगा तेवढ्यापुरता फुगतो. मग पावसाळ्यानंतर दोघे शेजारी मिळून तो पुन्हा रचतात. वय तर काटेरी कुंपणाचीच. आज तिच्या जागी सलग पायाची, सळई घातलेली संरक्षक भिंत येते. तिच्यासाठी हद्दीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खणावा लागतो आणि त्या रेषेत येणारे प्रत्येक मूळ तुटते. आपल्या गावातल्या झाडांच्या इतिहासात गडग्याची भिंत होणे हा बदल मला फार मोठा वाटतो, पण त्याची नोंद कोठेच झालेली नाही.

मुक्तीनंतर झाडांसाठी स्वतंत्र कायदा आला तो १९८४ साली. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा असे त्याचे नाव. त्याने वृक्ष अधिकारी नेमले, त्यांच्या परवानगीवाचून खासगी जमिनीतले झाडही तोडता येणार नाही असे ठरविले, आणि तोडलेल्या झाडांबद्दल नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणे, कापणे व अन्य रीतीने इजा करणे हेही येते. कायद्याची इच्छा अशी चांगली आहे. २०१६ साली माडाला वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले, तेव्हा गोमंतकात केवढा गदारोळ झाला हे सर्वांना आठवत असेल. २०१७ साली माड पुन्हा व्याख्येत आला. ज्या भूमीत माडावाचून घराची कल्पना होत नाही, तेथे माड हे झाड आहे की नाही यावर वर्ष-दीड वर्ष वाद चालावा, यातच बांधकामाच्या ओढीची कल्पना येते. महाराष्ट्राने २०२१ साली आपल्या शहरी भागांच्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली झाडांच्या बुंध्यांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. एक मीटर हे अंतर आमच्या आंब्याच्या अडतीस फुटांपुढे फारच थोडे आहे, पण बुंध्याखालच्या जमिनीकडे एका न्यायपीठाने पाहिले, हे त्यातले मोल.

मोठ्या प्रकल्पांत हा प्रश्न कसा उभा राहतो, ते पेडण्याने पाहिले. मोपा येथील विमानतळाला २०१५ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्या पठारावरील पन्नास हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न त्यात गुंतला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. निकालातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे. प्रकल्पाच्या अर्जात पंधरा किलोमीटरच्या परिसरातील वने आणि संवेदनशील क्षेत्रे दाखविलेली नव्हती, आणि ती शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात होती. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की शेजारी दिसेनासा झाला. पुढे १६ जानेवारी २०२० रोजी अटी घालून आणि त्यांच्या देखरेखीचे काम 'नीरी' या संस्थेकडे सोपवून स्थगिती उठविण्यात आली, आणि २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागली. विमानतळ हवा की नको हा येथे प्रश्न नाही. माझी मुले त्याच विमानतळावरून येतात-जातात. मला दाखवायचे आहे ते इतकेच की, देशातील सर्वोच्च न्यायपीठालाही शेजारच्या जमिनीकडे पाहा, असे सांगावे लागले.

२०२५ च्या मार्चमध्ये पर्वरी येथे उड्डाणपुलाच्या कामासाठी खाप्रेश्वराची मूर्ती हलविण्यात आली आणि तेथील जुना वड उपटून दुसरीकडे लावण्यात आला. लोकांनी विरोध केला, काहींना अश्रू आवरेनात. झाड तोडले नाही, हलविले, असे समाधान त्यावर दिले जाते. यंत्रांच्या युगात तसे करता येते हे खरे आहे, आणि वडासारखे चिवट झाड त्यातून उठतेही. पण हलविताना झाडाबरोबर जातो तो मुळांचा लहानसा गड्डा. बाकीची मुळे आणि जिच्यात ती वाढली ती जमीन मागेच राहते.

तिसरे उदाहरण महाराष्ट्रातले. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात भोसे गावी यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा एक वड होता. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या कामात तो तोडला जाणार होता. २०२० साली गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्यासाठी उभे राहिले, बातमी राज्यभर गेली, मंत्र्यांनी लक्ष घातले आणि महामार्गाच्या आखणीत बदल करण्यात आला. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग वळला, ही गोष्ट आम्ही वर्गात कौतुकाने सांगितली. महामार्ग वळला, पण गेला तो वडाच्या लगतूनच. २०२४ साली पावसात तो वड उन्मळून पडला. त्याला कुऱ्हाड लागली नव्हती. ती बातमी वाचली तेव्हा मला आमचा आंबा आठवला. ज्या झाडासाठी इतकी माणसे झटली, त्याच्या खोडाला वाचविण्याचा निर्णय झाला, आणि जमीन मात्र रस्त्याच्या वाट्याला गेली.

आता आपल्या गावाकडे येऊ. शिरगावला शेजारच्या जमिनीतल्या खोदकामाविषयी कोणी नव्याने सांगावे असे नाही. खाणींचे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले, त्यातले पाणी उपसले गेले आणि गावच्या विहिरी, झरी, बागायती यांवर त्याचा परिणाम झाला. त्यासाठी गावाला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. खाणीच्या पट्ट्याची सीमा नकाशावर ठरलेली होती, पण पाण्याने ती मानली नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१४ च्या निकालानंतर पुन्हा सुरू झाल्या, ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली, आणि २०२२ च्या डिसेंबरात झालेल्या लिलावात डिचोलीच्या ज्या खाणपट्ट्याचा समावेश होता त्यात शिरगावचाही भाग आला. घरे, देवळे, तळी आणि शेती या पट्ट्यातून वगळावी, अशी मागणी तेव्हापासून या परिसरातील गावकरी करीत आहेत. या मोठ्या लढ्याच्या मानाने हद्दीवरच्या एका आंब्याचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तत्त्व एकच आहे. जमिनीच्या वर रेघ मारता येते, जमिनीच्या खाली सर्वांचे एकमेकांत गुंतलेले असते. खाणवाल्यांनी ते ध्यानात घ्यावे असे आपण म्हणतो. आपण स्वतः घर बांधताना शेजाऱ्याच्या झाडाविषयी ते ध्यानात घेतो काय, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. मीही विचारला. आमच्या घराला मागील खोली वाढविली तेव्हा पलीकडच्या फणसाची दोन मुळे आम्ही तोडली होती, आणि त्यात काही चुकते आहे असे त्या वेळी आम्हांला वाटलेही नव्हते.

या सर्वांतून व्यवहारात करता येईल असे थोडेच आहे, पण ते अवघड नाही. शेजारी बांधकाम होणार असे कळताच, पाया आखण्यापूर्वी, मालकाकडे जावे. चर खणल्यानंतर गेल्यास उपयोग नाही. सोबत झाडाचा घेर मोजून न्यावा, तीनाने भागून बारांनी गुणावे आणि वर्तुळ जमिनीवर चुन्याने आखून दाखवावे. डोळ्यांनी पाहिलेले वर्तुळ पुष्कळ समजूत घालते. तेवढी जागा पूर्णपणे मोकळी सोडणे लहान भूखंडावर शक्य नसते, हे मान्य करावे. अशा वेळी सलग पायाऐवजी वेगवेगळे खांब घेऊन त्यांवर जमिनीपासून उचललेली तुळई टाकता येते. मोठ्या मुळांच्या मधल्या जागेत खांब बसविता येतो. त्यासाठी खड्डे यंत्राने न करता हाताने करावे लागतात. खर्च थोडा वाढतो. तो दोघांनी वाटून घेण्याची तयारी झाडाच्या मालकाने दाखवावी, कारण सावली दोघांची आहे. बांधकाम चालू असताना बुंध्याभोवती कुंपण घालावे, म्हणजे तेथे रेती, चिरे आणि सिमेंट मिसळण्याचे यंत्र येत नाही. भराव घालणे टाळावे. आणि जेथे बोलण्याने भागत नाही, तेथे वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, पण तोही काम सुरू होण्यापूर्वी.

शेवटी आपल्या वाचनालयाविषयी. आवाराच्या पूर्वेकडील वड प्रत्येक सभासदाच्या परिचयाचा आहे. वाचनकक्षात पंखे नव्हते तेव्हा उन्हाळ्यात वर्तमानपत्रे बाहेर आणून त्याच्याखाली वाचली जात. मी पहिली कादंबरी घरी नेली ती त्याच्या पारावर बसून पहिली तीन प्रकरणे संपवल्यानंतर. या महिन्यात मी आणि माझ्या एका विद्यार्थ्याने त्याचा घेर मोजला. तो सतरा फूट भरला. ब्रिटिश मानकाची पंधरा मीटरांची कमाल मर्यादा, म्हणजे एकूणपन्नास फूट, त्याला लागू होते. वडापासून आपल्या पूर्वेकडील गडग्यापर्यंतचे अंतर एकवीस फूट आहे. म्हणजे त्याच्या मुळांचा बराच मोठा भाग आजही गडग्याखालून पलीकडच्या भूखंडात आहे, आणि तो भूखंड यंदा विकला गेला आहे. नवा मालक कोण, तो काय बांधणार, हे येथे सांगण्याचे कारण नाही. तो आपला होणारा शेजारी आहे, आणि बहुधा आपला होणारा सभासदही.

कार्यकारिणीने शतकपूर्तीच्या वर्षात इमारतीची रंगरंगोटी केली, दुर्मीळ ग्रंथांची बांधणी करून घेतली, याबद्दल तिचे अभिनंदन केले पाहिजे. आता या ग्रंथाची एक प्रत घेऊन तिने शेजाऱ्याकडे जावे, त्याला पारावर बोलवावे, चहा द्यावा, आणि चुन्याचे ते वर्तुळ त्याला दाखवावे, अशी माझी सभासद म्हणून विनंती आहे. गडग्याच्या जागी भिंत येणारच असेल, तर ती खांबांवर यावी आणि वाढीव खर्चाचा वाटा आपण आश्रयदात्यांकडून उभा करावा. यादीत माझे नाव पहिले लिहावे. भूमिपूजनाच्या आधी हे झाले तरच त्याचा उपयोग आहे.